अकरा काड्यांचा गठ्ठा

सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली की मला धास्ती वाटायला लागते. वास्तविक माझं स्वतःचं गुंठाभरही रान नाही. माहेर लातूरचं, सासर भोकरचं, दोन्हीकडे नोकरदार माणसं. सोयाबीन आमच्या घरात येतं ते तेलाच्या पिशवीतून. तरीही ऑक्टोबर उजाडला, स्कूटीवरून शाळेकडे जाताना दोन्ही बाजूंची रानं पिवळी आणि मग तांबूस दिसायला लागली, वाऱ्यानं वाळक्या शेंगा खुळखुळायला लागल्या, की माझा हात आपोआप ब्रेकवर जातो. गावातली माणसं या दिवसांत आभाळाकडे बघून घाबरतात, परतीचा पाऊस कापल्या ढिगावर पडला तर काय, म्हणून. मी शेंगांच्या आवाजाला घाबरते. याच दिवसांत आमच्याकडे पडताळणी येते.

आमची शाळा भोकरहून हदगावच्या दिशेला नऊ किलोमीटरवर. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. माझ्या दोन्ही वर्गांचा मिळून पट अठरा. पडताळणी म्हणजे नांदेडहून साहेब येतात, एकेका लेकराला जवळ बसवतात आणि त्याला खरंच काय येतं ते बघतात. त्यात वाईट काहीच नाही. बघायलाच पाहिजे. पण मला लहानपणापासून कुणी "बघू बरं तुला काय येतं" म्हणालं की जे येतं तेही जातं.

लातूरला आमच्या गल्लीत घरटी एक पोरगं डॉक्टर व्हायला निघालेलं असायचं. अशा गल्लीत मी तिसरीत फळ्यापुढे उभी होते, अठ्ठेचाळीस अधिक सदतीस. आठ नि सात पंधरा. पाच लिहिले. हातचा एक कुठं ठेवायचा ते सुचेना. गुरुजी म्हणाले, "सुचेपर्यंत उभी राहा." मधली सुट्टी झाली, पोरी डबे खाऊन आल्या, त्यांच्या हाताला लोणच्याचा वास येत होता, आणि मी तशीच उभी, हातातला खडू घामानं ओला झालेला. तो एक हातचा मी अजून कुठं नीट ठेवलेला नाही असं मला कधीकधी वाटतं. अशा बाईला सरकारनं पहिली-दुसरीचं गणित शिकवायला दिलं, हा विनोद मी स्वतःच सगळ्यांना सांगून हसवत असते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत शाळेत पाच टॅब आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. त्यात बेरजेचा एक खेळ होता. एका झाडाखाली सात पेरू, दुसऱ्या झाडाखाली पाच. बोटानं एकेक पेरू ओढून टोपलीत टाकायचा. दहा झाले की टोपलीचं झाकण आपोआप खटकन लागायचं आणि टोपली सरकत जाऊन दशकाच्या फळीवर बसायची. उरलेले दोन पेरू एककाच्या फळीवर. मग वरून एक राघू ओरडायचा, "एक दशक, दोन एकक, बारा! शाब्बास!" खाली तीन आकडे यायचे, त्यातल्या बारावर बोट ठेवलं की चांदणी मिळायची. हातच्याची बेरीज इतकी गोड असू शकते हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. मी टॅब घरी आणून तो खेळ दोन-चार वेळा एकटीनंच खेळून पाहिला.

लेकरं तर वेडी झाली. चुकलं की राघू म्हणायचा, "अरेरे! पुन्हा प्रयत्न करूया!" हे वाक्य गावात इतकं पसरलं, की एक पोरगी दाव्याला गुंतलेल्या शेळीला तेच म्हणत होती. एरवी सत्तावीस लिही म्हटलं की लेकराच्या कानावर आधी सात पडतात, ते आधी सात लिहितं आणि सत्तावीसचे बहात्तर होतात. टॅबवर तसं काही होत नव्हतं. एका टॅबभोवती चार डोकी, बोटांची ढकलाढकली, नव्या प्लॅस्टिकचा वास, आणि राघूचं शाब्बास, शाब्बास, शाब्बास.

माझ्या मोबाइलवर प्रत्येक लेकराच्या नावापुढे एक ठिपका दिसायचा. येत नसेल तर लाल, थोडं येत असेल तर पिवळा, येत असेल तर हिरवा. हे ठिपके वरच्या साहेबांनाही दिसायचे, केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवरही पडायचे. सप्टेंबरात माझे अठराच्या अठरा ठिपके हिरवे झाले. ग्रुपवर टाळ्या आल्या, फुलं आली. एका ओळखीच्या बाईंनी लिहिलं, "तुमच्याकडून शिकायला पाहिजे." मी तो निरोप नवऱ्याला दाखवला आणि लातूरला भावालाही पाठवला.

मग गावाला वीज देणारी डीपी जळाली.

ऐन सप्टेंबरच्या शेवटाला गाव पाच दिवस अंधारात गेलं, टॅब एकेक करून विझले. मी कपाटातून खराट्याच्या काड्यांचा जुना डबा काढला, रबरबँड काढले आणि लेकरांना म्हटलं, "चला, दहादहाचे गठ्ठे बांधा." लेकरं काड्या हातात घेऊन माझ्याकडे बघत बसली. एकानं नऊ काड्या धरून विचारलं, "बाई, झाकण कवा लागतंय?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. त्या खेळात कुणी मोजलंच नव्हतं. दहा कधी झाले ते झाकण सांगत होतं, बेरीज किती ते राघू सांगत होता, आणि लेकरं फक्त पेरू ओढत होती. राघू बारा म्हणाला की बारावर बोट. माझे हिरवे ठिपके त्या राघूचे होते. त्याच संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला, की पंधरा दिवसांनी पडताळणी आहे, आणि ती टॅबवर होणार नाही, काड्यांवर आणि कागदावर होईल. ज्यांचे ठिपके आणि लेकरं यांत फरक दिसेल त्यांना नांदेडला बोलावून सगळ्यांसमोर खुलासा घेतला जाईल. सगळ्यांसमोर, या शब्दावर माझी नजर खिळून राहिली. मला तो फळाच दिसला.

पंधरा दिवस मी मरमर मेहनत केली. काड्या, बिया, खडे, बोटं, जे मिळेल ते. लेकरं मुळात हुशार. एकेक करून सावरली. दहा म्हणजे काय ते हाताला कळलं की मग डोक्याला वेळ लागत नाही. सतराजणं उभी राहिली. राहिली एक दुर्गा.

दुर्गा दुसरीत होती. तोंडानं शंभरपर्यंत न अडखळता म्हणायची. बारीक चणीची, दोन वेण्या, बोलायला कमी पण काम नीट. टॅबवर तिच्याच चांदण्या सगळ्यात जास्त. आणि तिच्या प्रत्येक गठ्ठ्यात काड्या अकरा. कधीच दहा नाहीत, कधीच बारा नाहीत. सुट्ट्या तीन मागितल्या तर चार द्यायची. ढिगातून पहिली काडी उचलायची, कपाळाला लावायची, खाली ठेवायची आणि मग ओठांतल्या ओठांत पुटपुटत बाकीच्या भराभर घ्यायची. पुस्तकाला पाय लागला की लेकरं कपाळाला लावतात, तसलं काहीतरी असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"किती आहेत गं या?"

"दहा, बाई."

मी गठ्ठा सोडायची, तिच्यासमोर मोठ्यानं मोजायची. अकरा. ती पहिल्या काडीकडे बोट दाखवून एकदा म्हणालीसुद्धा, "ती न्हाई धरायची, बाई."

"गप," मी म्हटलं. "सगळ्याच धरायच्या असतात."

तिनं काड्या परत घेतल्या. पुन्हा बांधलं, पुन्हा अकरा. मी ओरडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मला तिची कीव यायच्या ऐवजी राग आला, आणि राग येऊन गेल्यावर भीती. साहेब हिलाच जवळ बसवणार. हिची अकरा काड्यांची जुडी हातात घेऊन माझ्याकडे बघणार. रात्रंदिवस मला तीच जुडी दिसायची. भाजीवाल्याकडे मेथी घेताना दिसायची.

पडताळणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुर्गाला मागे थांबवलं. सर त्यांच्या खोलीला कुलूप लावत होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. जे बोलले ते मी बोलले.

"दुर्गा, उद्या तुमच्या शेतात काम असेल ना? उद्या घरीच थांब."

"न्हाई बाई, मळणी परवा हाय."

"तरी थांब."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दप्तराचा बंद खांद्यावर नीट केला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पट अठरा, हजर सतरा. "एक गैरहजर?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सोयाबीनचे दिवस आहेत, सर." त्यांनी मान डोलावली, मराठवाड्यात या उत्तराला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. लेकरांनी काड्या बांधल्या, कागदावर बेरजा केल्या, दोन-तीन चुकल्या, साहेब समाधानानं उठले. जाताना म्हणाले, "शाब्बास, मॅडम." राघूच्या आणि त्यांच्या आवाजात मला काही फरक वाटला नाही. जीप फाटकाबाहेर गेल्यावर मी वर्गात येऊन सगळ्या काड्या डब्यात भरल्या.

वाटलं होतं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी दुर्गा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मळणी असेल, म्हणून मी मनाची समजूत घातली. हजेरी घेताना तिच्या नावापाशी माझी जीभ अडखळायची. चौथ्या दिवशी मात्र राहवेना. शाळा सुटल्यावर स्कूटी तशीच शेताकडे वळवली.

मळणी होऊन गेली होती. खळ्यावर भुसकटाचा ढीग, हवेत अजून धूळ, घशात खवखव, दंडाला खाज. ताडपत्रीवर सोयाबीनची पिवळीधमक रास. दुर्गाचे वडील, बालाजी भाऊ, घमेल्यानं बियाणं वेगळं काढत होते आणि दुर्गा पोत्याचं तोंड धरून उभी होती. मला बघून तिनं पोतं सोडलं नाही, फक्त मान खाली घातली.

"या म्याडम," बालाजी भाऊ म्हणाले. "पुढल्या पेऱ्याचं बियाणं मोजून राहिलो. बसा."

"दुर्गा शाळेत का येत नाही, भाऊ?"

ते गोंधळले. लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच थांब म्हणल्या म्हणं घरी. कवर थांबायचं ते काई सांगितलं न्हाई म्हणे. म्हणून थांबली हाय ती."

मी कडेच्या दगडावर बसले. माझी चौकशी संपली असं समजून ते पुन्हा कामाला लागले. पुढचं पोतं लावलं. राशीतून पहिलं घमेलं भरलं, कपाळाला टेकवलं, "लाभ!" म्हणाले आणि पोत्यात ओतलं. मग दुसरं घमेलं भरलं आणि म्हणाले, "एक." दुर्गाही त्यांच्याबरोबर म्हणत होती, ओठांतल्या ओठांत. एक, दोन, तीन. दहा म्हणून झाल्यावर त्यांनी पोतं बाजूला केलं. पोत्यात घमेली पडली होती अकरा.

"भाऊ, ते पहिलं मोजलं नाही तुम्ही?"

"ते कसं मोजावं, म्याडम?" ते हसले. "कुणी कुणी लाभ म्हणून पुढं दोन म्हणतेत. आमच्या घरात पहिलं घमेलं देवाचं. ते धरायचं न्हाई. धरलं की बरकत जाती."

पहिली काडी. कपाळाला लावलेली. ती न्हाई धरायची, बाई. पोरीनं मला सांगितलं होतं. सरळ, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. तिचं मोजणं माझ्यापेक्षा पक्कं होतं. एकदाही चुकलं नव्हतं. टॅबवर झाकण दहाला लागायचं, म्हणून तिचा लाभ तिथं कुणाला दिसलाच नाही. आणि जिला दिसला तिनं तिला गप केलं, मग घरी बसवलं. त्या खळ्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की धुळीचं निमित्त करून मी पदर डोळ्यांना लावला.

दुर्गा दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मी तिला म्हटलं, "शाळेत पहिली काडीपण धरायची." तिनं विचार केला आणि विचारलं, "मंग देवाची कोणती?" प्रश्न रास्त होता. आम्ही तडजोड केली. आधी एक काडी उचलायची, कपाळाला लावायची, खिडकीत ठेवायची. मग उरलेल्यांतून दहा मोजायच्या. त्या क्षणापासून तिच्या गठ्ठ्यात कायम दहा. बाकीच्यांनाही ते आवडलं. तेव्हापासून माझ्या वर्गात गठ्ठे बांधायच्या आधी खिडकीत काड्यांची रांग लागते, आणि कुणी साहेब दारात दिसले की ही रांग काय म्हणून सांगायची, या विचारानं मला धडकी भरते.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. घरी थांब असं मी का म्हणाले होते, ते दुर्गाला कधी सांगितलं नाही. लहान आहे, विसरेल, असं म्हणून सोडून दिलं. ती तिसरीत गेली, सरांच्या खोलीत. हातच्याच्या बेरजा झरझर करायला लागली. मागच्या वर्षीची पडताळणीही सुरळीत पार पडली. दुर्गाला नेमका त्या दिवशी ताप होता, असं कुणीतरी म्हणालं. चार दिवसांनी मी ते विसरून गेले.

आता पुन्हा शेंगा खुळखुळतायत. टॅबमधला खेळ बदललाय. राघूच्या जागी खार आलीय आणि पेरूंच्या जागी चिंचा, पण झाकण अजून आपोआपच लागतं. दुर्गा चौथीत आहे. तिची धाकटी बहीण ईश्वरी यंदा माझ्याकडे पहिलीत आलीय. तिला अजून दहाचा अंदाज यायचाय. घाई नाही, लेकरू सहा वर्षांचं आहे. पडताळणी उद्या आहे.

आज शाळा सुटली, मी काड्या डब्यात भरत होते, तर दुर्गा ईश्वरीचा हात धरून दारात उभी.

"बाई, उद्या हिला घरी ठेवते."

"का गं? बरं नाही का तिला?"

"बरी हाय. पण हिच्या गठ्ठ्यात कवा नऊ येतेत, कवा अकरा. साहेबाला दिसंल."

माझ्या हातातल्या मूठभर काड्या डब्याबाहेर पडल्या. तिनं वाकून त्या गोळा केल्या, सवयीनं सारख्या केल्या आणि मोठ्या माणसानं समजूत घालावी तशी म्हणाली, "तुम्ही फिकीर नका करू, बाई. म्या हाय न तिच्यासंगं घरी. साहेब यायच्या दिवशी म्या थांबतेच की. मागच्या सालीबी थांबले होते."

"मागच्या वर्षी तुला ताप होता."

"न्हाई बाई. ताप कुठं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमानच होता, नेमून दिलेलं काम न सांगता केल्याचा. जिला आता तीन अंकी बेरजा येतात ती पोरगी शाळा नीट दिसावी म्हणून दिवसभर घरात बसून राहिली होती, आणि आता आपल्या बहिणीला तेच काम शिकवत होती. मी बाकावर बसले आणि तिला जवळ घेतलं.

"दुर्गा, मी तुला घरी थांब म्हणाले ते चुकलं होतं. तुझं मोजणं बरोबर होतं. मी घाबरले होते. चूक माझी होती."

तिनं गोळा केलेल्या काड्या डब्यात ठेवल्या. मग म्हणाली, "कोणत्या सालची, बाई?"

"दोन्ही सालची. उद्या दोघी या."

"आन तुम्हाला नांदेडला बोलावलं तं?"

हे तिला कुठून कळलं देव जाणे. लेकरांना आपली भीती नेमकी कळते. "बोलावू दे," मी म्हणाले.

"मंग किती वाजता यायचं?"

मागं मी तिला थांब म्हणाले आणि कधीपर्यंत ते सांगायला विसरले होते. या वेळी नीट सांगितलं. "दहाला. रोजच्यासारखं."

"हाव," ती म्हणाली. फाटकाशी जाऊन एकदा वळून पाहिलं, माझं म्हणणं अजून तेच आहे ना, हे चेहऱ्यावरून बघावं तसं. मग दोघी सोयाबीनच्या कडेकडेनं दिसेनाशा झाल्या.

मी अजून शाळेतच बसून हे लिहितेय. सहा वाजत आलेत. साहेबांची भीती कुठं गेली म्हणाल तर गेलेली नाही, आहेच. पण आज तिच्यावर दुसरी येऊन बसलीय. उद्या दहाला मी फाटकात उभी राहणार, येणारं एकेक लेकरू मोजणार, आणि त्या दोघी दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव येणार नाही.